हिमाच्या कसोटीवर गुलाब

(नभोवाणीवरील भाषण)

गुलाब म्हटला कीं आपल्या मनापुढें नाजुकपणाची मूर्ति उभी राहते. कवींनीं आणि अत्तरवाल्यांनीं मिळून हें चित्र इतकें रंगविलें आहे कीं, गुलाबाला ऊनवारा सोसवत नाहीं ही गोष्ट आपण सृष्टीचा नियमच समजून चालतों. परंतु रानांतला गुलाब मुळींच नाजुक नाहीं. सैबेरियाच्या गोठलेल्या मुलखांत, हिमालयाच्या उघड्या उतारांवर आणि जपानच्या खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर तो हजारों वर्षें कोणाच्याही मदतीवांचून वाढत आला आहे. नाजुक आहे तो आपण माणसांनीं घडविलेला बागेंतला गुलाब. त्याच्या अंगचा मूळचा चिवटपणा कसा गेला, आणि तो परत मिळविण्यासाठीं कांहीं माणसांनीं आपलीं किती वर्षें खर्चीं घातलीं, ही हकीकत आज आपणांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

युरोपांतल्या जुन्या बागांतले बहुतेक गुलाब वर्षांतून एकदांच, म्हणजे जून महिन्याच्या सुमारास फुलत. तीन-चार आठवडे बहर राही, मग झाड पानांवर येई. शरद् ऋतु येतां येतां वाढ थांबे, फांद्यांचें लांकूड पक्कें होई, पानें गळत आणि झाड थंडीभर निजून राही. अठराव्या शतकाच्या अखेरीस या बागांत एक नवा पाहुणा आला. चीनमधील बागवानांनीं पिढ्यान् पिढ्या जोपासलेले गुलाब व्यापारी जहाजांतून इंग्लंडला पोंचूं लागले. १७९२ ते १८२४ या काळांत आलेल्या अशा चार जाती गुलाबाच्या इतिहासांत विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांपैकीं एक गडद तांबडी, दोन गुलाबी छटेच्या आणि एक फिकट पिवळी होती. या प्रवासांत जहाजें कलकत्त्यास थांबत. त्यामुळें फ्रान्समध्यें या चिनी गुलाबांना 'बंगालचा गुलाब' असें नांव पडलें. बिचाऱ्या बंगालचा त्यांच्याशीं संबंध वाटेवरच्या धर्मशाळेपुरताच होता!

या पाहुण्याजवळ एक अपूर्व गुण होता. तो एकदां फुलून थांबत नसे. नवी फूट आली कीं तिच्या टोंकाला कळी येई आणि असें वर्षभर चाले. युरोपच्या बागवानांना यापरतें दुसरें काय हवें होतें? त्यांनीं आपल्या जुन्या गुलाबांशीं त्याचा संकर केला. पुढें १८६७ सालीं लिआँ शहरांतील गीयो नांवाच्या बागवानानें 'ला फ्रान्स' नांवाचा गुलाब बाहेर आणला. उंच डौलदार कळी आणि पुनः पुनः येणारा बहर असलेला आजचा जो बागेंतला गुलाब, त्या घराण्याचा हा मूळ पुरुष मानतात.

परंतु देणगीबरोबर तिची किंमतही आली. जें झाड फुलणें थांबवीत नाहीं, तें वाढणेंही थांबवीत नाहीं. शरद् संपून पहिला कडाका पडतो तेव्हां त्याच्या फांद्या कोंवळ्या आणि रसानें भरलेल्या असतात. त्या रसाचें बर्फ होतांच आंतल्या पेशी फुटतात आणि फांदी काळी पडून मरते. शून्याखालीं दहा-पंधरा अंशांची थंडी पडली कीं हे नवे गुलाब उघड्यावर तग धरीनातसे झाले. सारें वर्ष फुलावें असा हट्ट माणसानें धरला, आणि झाडाची झोंप मोडली. झोंप मोडलेलें झाड थंडीला सांपडलें, एवढाच या साऱ्या प्रकरणाचा अर्थ आहे.

यावर बागवानांनीं जो उपाय शोधला तो आजही चालू आहे. थंडीच्या तोंडाशीं झाडाच्या बुंध्याभोंवतीं वीतभर उंच मातीचा ढीग रचावयाचा आणि त्यावर वाळलेलीं पानें किंवा झाडाच्या डहाळ्या अंथरावयाच्या. जेथें थंडी फारच कडक, तेथें झाडाच्या एका अंगाचीं मुळें सैल करून सबंध झाड चरांत आडवें निजवितात आणि वरून माती लोटतात. वसंतांत पुनः त्यास उभें करतात. या पांघरुणासंबंधीं एक चुकीची समजूत आहे, ती अशी कीं तें झाडाला ऊब देण्यासाठीं असतें. खरें पाहतां तें झाडाला एकसारखें थंड ठेवण्यासाठीं असतें. नुसत्या गोठण्यापेक्षां दिवसां वितळणें आणि रात्रीं पुनः गोठणें हा फेरा झाडाला अधिक मारक होतो. म्हणून जाणता माळी पांघरूण घालण्याची घाई करीत नाहीं. जमीन चांगली गार होऊं देतो, झाडाला झोंप लागूं देतो, आणि मगच तें झांकतो. वसंतांत काढण्याचीही तो घाई करीत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. बागेंतला गुलाब बहुधा स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. रानगुलाबाच्या खुंटावर त्याचा डोळा भरलेला असतो. युरोपांत या कामीं त्यांच्या कुंपणांतून सर्वत्र वाढणारा रानगुलाब फार काळ वापरीत आले आहेत. कडक थंडींत वरचा उंची गुलाब मरतो, पण खालचा खुंट मरत नाहीं. वसंतांत जमिनींतून जोमदार फूट वर येते, मालक आनंदित होतो, आणि जूनमध्यें पाहतो तों पांच पाकळ्यांचीं, फिकट, साधीं फुलें! ज्या गुलाबासाठीं त्यानें हिंवाळाभर काळजी वाहिली तो केव्हांच गेलेला असतो. जगलेला असतो तो त्याचा सेवक. आपल्याकडेही हा प्रकार नित्य घडतो. कारण मात्र थंडी नसून ऊन, वाळवी किंवा दुर्लक्ष असतें. म्हणून फूट कोठून निघाली हें पाहण्याची संवय ठेवावी. कलमाच्या सांध्यावरून निघाली तर ती आपली. सांध्याखालून निघाली तर ती खुंटाची, आणि ती वेळीं मुळापासून काढली नाहीं तर वरच्या गुलाबाचें अन्न तीच खाऊन टाकते.

या साध्या रानगुलाबाची योग्यता किती, याचा एक दाखला जर्मनींतील हिल्डेसहाइम या गांवीं आहे. तेथील मुख्य प्रार्थनामंदिराच्या अर्धगोल भिंतीवर याच जातीचा एक गुलाब सुमारें दहा मीटर उंचीपर्यंत चढलेला आहे. तो हजार वर्षांचा असल्याची आख्यायिका असून तिचा संबंध ८१५ सालच्या सुमाराशीं, लुई नामक धर्मशील बादशहाशीं लावतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी तो फार जुना आहे यांत संशय नाहीं. २२ मार्च १९४५ रोजीं विमानांतून झालेल्या बाँबच्या वर्षावांत तें मंदिर पडलें, आणि गुलाब जळून ढिगाऱ्याखालीं गाडला गेला. सुमारें आठ आठवड्यांनीं त्या ढिगाऱ्यांतून कोंवळे फुटवे वर आले. त्यास कोणीं पाणी घातलें नव्हतें, कीं आडोसा केला नव्हता. तो कलमी नव्हता. मूळ आणि फांदी एकाच झाडाचीं होतीं. म्हणून जें उगवून आलें तें तेंच होतें. कलमी गुलाबाच्या नशिबीं असें पुनरुत्थान नसतें.

आतां प्रश्न असा कीं, बागेंतल्या गुलाबाचें सौंदर्य आणि रानगुलाबाची ही ताकद एकाच झाडांत आणतां येईल काय? ज्यांनीं हा प्रश्न आयुष्यभर उराशीं बाळगला, त्यांतील तिघांची ओळख आपणांस करून देतों.

पहिला विल्हेल्म कोर्डेस. याचा जन्म १८९१ सालचा, जर्मनीच्या उत्तर भागांतील एल्म्सहॉर्न येथला. घराण्याचा धंदाच गुलाबांचा. हा तरुणपणीं इंग्लंडांत जाऊन माक्स क्राउझ नांवाच्या भागीदाराबरोबर रोपवाटिका चालवूं लागला. इतक्यांत १९१४ चें महायुद्ध पेटलें. शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून दोघांनाही 'आइल ऑफ मॅन' या बेटावर अटकेंत ठेवण्यांत आलें. बाग गेली, धंदा गेला, चांगलीं चार वर्षें तारांच्या कुंपणाआड गेलीं. पण त्या काळांत कोर्डेसनें हातीं येतील तीं गुलाबसंकरावरील आणि आनुवंशिकतेवरील पुस्तकें वाचून काढलीं. सुटून परत गेल्यावर त्यानें स्पारिसहोप या खेड्यांत भावासह नव्यानें सुरुवात केली, आणि १९३५ सालीं त्याचा 'क्रिम्झन ग्लोरी' हा काळसर तांबडा सुवासिक गुलाब जगभर गाजला.

एवढ्यावर दुसरा कोणी समाधान मानून राहिला असता. कोर्डेसला मात्र उत्तरेची थंडी स्वस्थ बसूं देईना. अमेरिकेंत १९१९ सालीं बाहेर आलेला 'माक्स ग्राफ' नांवाचा जमिनीवर पसरणारा एक गुलाब त्याच्या बागेंत होता. जपान व सैबेरियाकडचा 'रुगोसा' आणि पूर्व आशियांतील 'विचुराना' या दोन रानगुलाबांचा तो संकर. थंडीला तो दाद देत नसे, पण त्याला बीच धरत नसे. आणि बीं नाहीं तर पुढची पिढी नाहीं. कोर्डेस वर्षानुवर्षें वाट पाहत राहिला. अखेर १९४० च्या सुमारास त्या झाडाला मोजकींच फळें धरलीं आणि त्यांच्या बियांपासून दोन रोपें हातीं लागलीं. तेव्हांचे हिंवाळे युरोपांत लागोपाठ तीन वर्षें भयंकर कडक गेले. दोहोंपैकीं एक रोप थंडीनें मेलें, दुसरें जगलें.

त्या एका रोपांत निसर्गानें एक चमत्कार करून ठेवला होता. गुणधर्म वाहून नेणारे पेशींतील जे सूक्ष्म धागे, ज्यांना शास्त्रांत गुणसूत्रें म्हणतात, ते 'माक्स ग्राफ'मध्यें १४ होते; या रोपांत ते आपोआप दुप्पट होऊन २८ झाले होते. बागेंतल्या बहुतेक गुलाबांतही २८ च असतात. त्यामुळें जें आजवर जमत नव्हतें तें जमलें. हें रोप विपुल बी देऊं लागलें आणि बागेंतल्या गुलाबांशीं त्याचा संकर सहज होऊं लागला. पुढें शास्त्रज्ञांनीं त्याला कोर्डेसचेंच नांव देऊन 'रोझा कोर्डेसी' म्हटलें. त्याच्या वंशांतील एक गुलाब १९५४ सालीं बाहेर आला. त्याचें नांव 'हाम्बुर्गर फीनिक्स'. हांबुर्ग शहर १९४३ सालीं बाँबच्या आगींत होरपळलें होतें आणि फीनिक्स हा राखेंतून पुनः उठणारा कल्पित पक्षी, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या नांवाची निराळी टीका करण्याचें कारण राहत नाहीं.

दुसरा गृहस्थ जॉर्ज ब्यून्ये. हा ना धंदेवाईक बागवान, ना पदवीधर वनस्पतिशास्त्रज्ञ. १८७९ सालीं फ्रान्समध्यें जन्मलेला हा मनुष्य १९०५ सालीं कॅनडास गेला आणि अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेकडील रानांत जमीन घेऊन शेतकरी झाला. दिवसां शेत, रात्रीं लेखन. फ्रेंच भाषेंतील कादंबरीकार म्हणूनही त्याचें नांव आहे. ज्या मुलखांत सफरचंदाचें झाडसुद्धां जिवानिशीं वांचणें कठीण, तेथें आपल्या मायदेशासारखे गुलाब फुलावेत ही त्याची हौस. आणलेलीं उंची रोपें मेलीं म्हणून तो थांबला नाहीं. आसपासच्या रानांतील गुलाब आणि रशियाच्या अतिपूर्वेकडील कामचाट्काचा रुगोसा यांच्यापासून त्यानें आरंभ केला. पेरावें, हिंवाळ्यावर सोडावें, वसंतांत जें उरेल त्यांतून निवडावें आणि पुनः पेरावें, असा क्रम सुमारें पंचवीस वर्षें चालला. त्यांतून निघालेला 'तेरेज ब्यून्ये' हा गुलाब १९५० सालीं बाहेर आला. जांभळट गुलाबी, सुवासिक, जवळजवळ बिनकांट्याचा; हिंवाळ्यांत पानें झडल्यावर त्याच्या तांबड्या फांद्या बर्फावर उठून दिसतात. उत्तर अमेरिकेंतल्या अतिथंड प्रांतांतील अंगणांतून तो आजही फुलतो. ब्यून्येला शंभरावर वर्षांचें आयुष्य लाभलें. १९८१ सालीं तो निवर्तला.

तिसरी फेलिसिटास श्वेडा ही विदुषी. १९२० सालीं व्हिएन्ना येथें जन्मून, तेथेंच शेतकीचें उच्च शिक्षण घेऊन ती १९५३ सालीं कॅनडांत आली. ओटावा येथील सरकारी मध्यवर्ती प्रयोगक्षेत्रावर १९६१ पासून १९८६ सालीं निवृत्त होईपर्यंत तिनें गुलाबांचें काम केलें. ओटावाला शून्याखालीं ३० अंशांपर्यंत थंडी पडते. श्वेडाबाईंची पद्धत सांगावयास सोपी, पाळावयास मात्र फार कठीण होती. रोपांना मातीचा ढीग नाहीं, पानांचें पांघरूण नाहीं, कीड पडली तरी औषधाचा फवारा नाहीं. हिंवाळा येई, जीं रोपें जगत तीं पुढच्या वर्गांत जात. जगलेल्यांतूनही जीं उन्हाळाभर फुलत आणि ज्यांच्या पानांना रोग शिवत नसे, तेवढींच ती ठेवी.

आरंभीं तिनें रुगोसावर भर दिला. पुढें कोर्डेसच्या त्या एकुलत्या रोपाची संतति तिच्या हातीं आली आणि कामाला वेग आला. तिच्या गुलाबांना कॅनडाच्या शोधाशीं संबंध असलेल्या दर्यावर्दी व मुलूखशोधक पुरुषांचीं नांवें दिलीं आहेत. १९६८ चा 'मार्टिन फ्रॉबिशर', १९७८ चा 'जॉन कॅबट', १९८३ चा 'विल्यम बॅफिन' अशी ती माळ आहे. बर्फाच्या समुद्रांत गलबतें लोटणाऱ्या माणसांचीं नांवें बर्फांतून उठणाऱ्या झाडांना, ही योजना समर्पक नाहीं असें कोण म्हणेल? त्यांपैकीं 'विल्यम बॅफिन' हा वेलगुलाब पांघरुणावांचून उणें ३५ अंशांच्या आसपासचीही थंडी सोसतो. अटकेंतून सुटलेल्या जर्मन माळ्याच्या शेतांत जें एक रोप मेलें नाहीं, त्याचे वंशज आज कॅनडाच्या अंगणांत उभे आहेत.

श्रोतेहो, मी आयुष्यभर शाळामास्तर होतों, त्यामुळें या हकीकतींत मला आमच्याच धंद्यांतला एक जुना वाद दिसतो. पोराला जपावें कीं त्याची कसोटी घ्यावी? गुलाबाचा इतिहास या वादाचा निकाल एका बाजूनें देत नाहीं. मातीचा ढीग रचणारा माळी चुकत नव्हता; त्याच्यापुढें हातांतलें झाड वांचविण्याचा प्रश्न होता. तो ढीग नसता तर चिनी गुलाबांची संतति युरोपांत टिकलीच नसती आणि संकराला द्रव्य उरलें नसतें. परंतु केवळ ढीग रचून पुढची पिढी सुधारत नाहीं. त्यासाठीं कोणींतरी आपल्या हातचीं हजारों रोपें हिंवाळ्याच्या स्वाधीन करून वसंतापर्यंत स्वस्थ बसण्याचें धैर्य दाखवावें लागतें. जें मेलें त्याची मोजदाद ठेवणें आणि जें जगलें त्यावर पुढची उभारणी करणें, हें काम ढीग रचण्यापेक्षां पुष्कळच जड आहे. त्याचें फळही उशिरा येतें. ब्यून्येला पंचवीस वर्षें लागलीं, श्वेडाबाईंना तितकींच लागलीं.

आतां आपण आपल्या अंगणाकडे वळूं. महाराष्ट्रांत हिमाचें भय नाहीं, पण म्हणून गुलाबाला कसोटी नाहीं असें कोणीं समजूं नये. वैशाखाचें ऊन कुंडीची माती तापवून कोंवळीं मुळें भाजतें, आणि आषाढ-श्रावणांत पानें दिवसेंदिवस ओलीं राहून त्यांवर काळे ठिपके पडतात, फांद्या शेंड्याकडून खालीं वाळत येतात. थंड देशांत झाड हिंवाळ्यांत निजतें. आपल्याकडे त्याला निजावयास ऋतूच नाहीं. म्हणून ती विश्रांति माळ्याला द्यावी लागते. पाऊस सरल्यावर, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, मेलेल्या व रोगट फांद्या निरोगी लांकडापर्यंत काढून चांगल्या फांद्या बाहेरच्या अंगास पाहणाऱ्या डोळ्यावर छाटाव्या आणि खत घालावें. सहासात आठवड्यांत नवा बहर येतो. छाटतांना हात कचरतो हें खरें. पण जुन्या फांदीचा लोभ धरला तर नवी फूट दुबळीच येते.

आणि जें काम कॅनडांत थंडीसाठीं झालें, तेंच आपल्या देशांत ऊन-पावसासाठीं व्हावें असें म्हणणारे लोकही आपल्याकडे झाले. गव्हाच्या सुधारलेल्या जातींसाठीं प्रसिद्ध असलेले शास्त्रज्ञ डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनीं गुलाबाची उपासना तितक्याच निष्ठेनें केली. अनेक नव्या जाती निर्माण केल्या आणि १९६६ सालीं हिंदुस्थानांतील गुलाबावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें कोडाइकनाल येथील श्री. वीरराघवन यांनीं आपल्याच देशांतले दोन रानगुलाब संकरासाठीं हातीं घेतले. त्यांपैकीं एक मणिपूर-ब्रह्मदेशाकडील डोंगरांत उंच चढणारा आहे. दुसरा बंगाल-बिहारच्या पाणथळ काठांवर वाढणारा आहे. पुराचें पाणी आणि उष्णता दोन्ही त्याच्या परिचयाचीं. ज्या बंगालचें नांव चिनी गुलाबाला चुकून चिकटलें, त्या बंगालचा स्वतःचा खरा गुलाब असा दोनशें वर्षांनीं बागेच्या दाराशीं आला आहे.

तेव्हां आपल्या कुंडींतलें एखादें झाड यंदांच्या पावसांत गेलें, तर खट्टू होण्यापूर्वीं शेजारचें कोणतें जगलें तें पाहावें, त्याचें नांव टिपून ठेवावें, आणि त्याची एक काडी शेजाऱ्याला द्यावी. थोर माळ्यांनीं जें मोठ्या प्रमाणावर केलें, त्याचा आरंभ अशाच निरीक्षणांत होता. जें गेलें त्याची जागा मोकळी झालेली असते. ती रिकामी ठेवूं नये, एवढीच माझी विनंति आहे.